मावशीकडे जायचं आहे, पण असंच जायला हवं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

(देश, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

मी पंचेचाळिशीची, नोकरी करते. घरी नवरा, १३ वर्षांचा मुलगा, ५ वर्षांची मुलगी आणि माझी ७४ वर्षांची आई. आईची थोरली बहीण आता ७९ वर्षांची आहे. ती परदेशात मुलाकडे राहते. दोघी बहिणींची नऊ वर्षांत भेट नाही. यंदा मावसभावाचा फोन आला, "नवीन वर्षाला सगळे या, दोन आठवडे मनसोक्त राहा." वहिनी फोनवर फारसं काही बोलली नाही.

वर्षातली मोठी रजा मला तेवढीच मिळते. पाच तिकिटांत दोन वर्षांची सहलीसाठीची शिल्लक संपेल. नवरा म्हणतो, "जाऊ या, पण याला सुट्टी म्हणू नकोस." मुलगा म्हणतो, "मी तिथे कुणालाच ओळखत नाही." आई एवढंच म्हणते, "तुमची सोय बघा." माझी धाकटी बहीण मात्र चिडली. "ही शेवटची भेट असेल, आणि तू विचार करत बसली आहेस?" खरं सांगायचं तर मला जावंसं वाटत नाही. तिकडे कडाक्याची थंडी असते, घरात माणसं भरपूर, आणि मागच्या वेळी मावसभाऊ चारचौघांत म्हणाला होता, "तुम्ही अजून त्याच घरात?" ते अजून आठवतं. जावं का? आणि जावंसं वाटत नाही म्हणजे मी स्वार्थी आहे का?

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात टोचत असेपर्यंत बाकीचं काही नीट वाचता येणार नाही. नाही, तुम्ही स्वार्थी नाही. वर्षभर नोकरी, दोन मुलं आणि आईचं औषधपाणी सांभाळणाऱ्या बाईला आपली एकुलती एक मोठी रजा दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे घालवायचं जड वाटलं तर त्यात नवल नाही. मावशीवर तुमची माया आहे, हेही तितकंच खरं. पत्रभर तुम्ही यातल्या एकाला खोटं पाडायचा प्रयत्न करत होतात, आणि तुमची दमछाक तिथेच झाली आहे असं मला वाटतं.

पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की 'जावं का' या एका प्रश्नाच्या पोटात तुम्ही बरंच काही आधीच ठरवून टाकलं आहे. पाचही जणांनी जायचं. एकत्र जायचं. दोन आठवडे राहायचं. मावसभावाच्याच घरी उतरायचं. आणि ३१ डिसेंबर तिथेच झाला पाहिजे. हे सगळं एक गाठोडं म्हणून समोर ठेवलं, की ते उचलायचं किंवा टाकायचं एवढंच उरतं. पण मावसभाऊ म्हणाला ते फक्त "सगळे या, मनसोक्त राहा". प्रेमाने बोलावताना कुणी तारखा मोजून बोलत नाही. त्या वाक्याचं वेळापत्रक आपण ऐकणारे करतो.

तेव्हा गाठोडं सोडू या. सुरुवात मी वहिनीपासून करेन.

वहिनीबद्दल पत्रात एकच ओळ आहे, ती फारसं बोलली नाही. या सगळ्यात सर्वांत जास्त काम कुणाला पडणार असेल तर तिला. पाच माणसांच्या अंथरुणांची सोय, दोन वृद्धांची पथ्यं, पाच वर्षांच्या मुलीचं झोपेचं बिनसलेलं चक्र, सकाळी बाथरूमसमोरची रांग, आणि हे सगळं अशा दिवसांत की जे बहुधा तिच्याही हक्काच्या विश्रांतीचे असतात. अनेक देशांत नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा कामाच्या ठिकाणी सर्वांत शांत असतो. नोकरदार माणूस वर्षभर त्याची वाट बघतो. म्हणजे तुम्ही ज्या कारणाने कचरता आहात, अगदी त्याच कारणाने तीही गप्प असू शकते. फोनच्या दोन्ही टोकांना दोन दमलेल्या बायका, आणि दोघींनाही वाटतंय की समोरच्या घराची फार इच्छा आहे, आपण मोडता कसा घालायचा.

असंच असेल असं मी म्हणत नाही. तिला खरोखर आनंदही झाला असेल. परक्या देशात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला आपली माणसं घरी आलेली केवढी हवी असतात, हे तुम्हाला-मला इथून कळणार नाही. पण विचारल्याशिवाय समजणार कसं? म्हणून पहिला फोन मावसभावाला नको, वहिनीला करा. कुटुंबाच्या ग्रुपवर तर मुळीच नको, तिथे सगळेच "या या" म्हणतात. तिला एकटीला गाठा आणि प्रश्न असा विचारा की तिला खरं बोलता येईल. "आम्ही आलो तर चालेल का?" याला 'हो'शिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी म्हणा, "वहिनी, आमच्या मनात सात-आठ दिवसांचं आहे. त्यातले काही दिवस आम्ही जवळपास वेगळे राहू म्हणतो, म्हणजे तुलाही श्वास घेता येईल. तुझी रजा कधी आहे? कोणते दिवस तुला मोकळे हवेत?" तुम्ही आधीच कमी मागितलं, की तिला नकार द्यावा लागत नाही. तिला फक्त वाढवायचं की नाही एवढं ठरवायचं असतं. वाढवलं तर ते मनापासून असेल.

आता आई. "तुमची सोय बघा" या वाक्यात काहीही असू शकतं. बहिणीला भेटायची तीव्र ओढ असेल आणि तुमच्या पैशांवर तिचा बोजा नको असेल. किंवा जायची मनातून भीती असेल आणि ती सांगायची लाज वाटत असेल. लांबच्या विमानात स्वच्छतागृहात वारंवार जावं लागेल, परक्या घरात रात्री उठलो तर दिवा सापडेल का, थंडीत गुडघे आखडतील का, आपल्यामुळे सगळे अडकून पडतील का, अशा साध्या साध्या गोष्टींनी म्हातारी माणसं गप्प होतात. तुमच्या बहिणीने आईच्या वतीने बोलून टाकलं, तुम्ही आईच्या वतीने अपराधी वाटून घेतलं, पण पत्रात आईला कुणी नीट विचारल्याचं मला दिसलं नाही.

विचारताना "तुला जायचंय का?" असं विचारू नका. घरात इतर कुणी नसताना विचारा, "मावशीकडे गेलीस तर पहिल्या दिवशी काय करशील?" ती जे सांगेल त्यातून सहलीचं खरं रूप कळेल. माझा अंदाज असा आहे की तिच्या उत्तरात रोषणाई, फटाके किंवा प्रेक्षणीय स्थळं नसतील. खिडकीजवळच्या दोन खुर्च्या आणि घाई नसलेल्या पुष्कळ दुपारी असतील. तसं असेल तर भरलेल्या घरातले गडबडीचे चौदा दिवस ही तिच्यासाठीही फारशी चांगली भेट नाही. तुम्ही सगळे आजूबाजूला असताना त्या दोघी बहिणी बोलणार कधी?

तुमच्या बहिणीचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. ७४ आणि ७९ ही वयं आहेत. 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणत गेलेली वर्षं परत येत नाहीत, आणि पडद्यावर रोज दिसणाऱ्या चेहऱ्याने हात हातात घेण्याची भूक भागत नाही. दोघी बहिणींची भेट व्हायला हवी, आणि ती येत्या काही महिन्यांत व्हायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या भीतीतून निघतं ते इतकंच, की भेट लांबणीवर टाकू नका. भेट ३१ डिसेंबरलाच व्हावी, किंवा तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाने तिथे असावं, हे तिच्यातून निघत नाही. शिवाय 'शेवटची भेट' हे शब्द डोक्यावर घेऊन गेलात तर तिथला प्रत्येक दिवस जड होईल. मावशी जिवंत आहे. तिच्याशी हसायला जा.

तारखेबद्दल थोडं सांगते, कारण तिच्यापायी आपण बरंच काही सोसतो. प्रशांत महासागरातल्या सामोआ या देशाने २०११ साली आंतरराष्ट्रीय वाररेषेची दुसरी बाजू धरली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी व्यवहार सोयीचा व्हावा म्हणून त्यांनी ३० डिसेंबरचा अख्खा दिवस वगळला. २९ तारखेच्या गुरुवारनंतर थेट ३१ तारखेचा शनिवार उजाडला. शेजारचं अमेरिकन सामोआ जुन्याच बाजूला राहिलं. आज दोन्हीकडच्या घड्याळांत पूर्ण एका दिवसाचं अंतर आहे आणि विमानाचा प्रवास तासाभराचाही नाही. एकमेकांचे नातेवाईक असलेली ही माणसं नवीन वर्ष एका दिवसाच्या अंतराने साजरं करतात. एक देश माणसांच्या सोयीसाठी आख्खा दिवस गाळू शकतो, तर एका कुटुंबाने नवीन वर्षाची भेट जानेवारीच्या मध्यावर किंवा मार्चमध्ये ठेवायला काय हरकत आहे?

याला व्यवहाराची बाजूही आहे. डिसेंबरचे शेवटचे दहा-बारा दिवस आणि जानेवारीचे पहिले काही दिवस विमानभाडी वर्षातल्या सर्वांत महागड्या पातळीच्या आसपास असतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे तर तो उन्हाळ्याच्या शाळासुट्टीचा काळ, त्यामुळे तिकडे चढे दर जानेवारीतही लांबतात. सुट्टीच्या दिवशी बरंच काही बंद असतं, हेही नातेवाइकांकडे जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. लंडनमध्ये २५ डिसेंबरला भुयारी रेल्वे आणि बस धावत नाहीत. स्कॉटलंड आणि न्यूझीलंडमध्ये २ जानेवारीलाही सुट्टी असते. जपानमध्ये बरीच कार्यालयं आणि दवाखाने २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात. घरात दोन वृद्ध असतील तर अशा दिवसांत कोणता दवाखाना उघडा आहे हे आधी विचारून ठेवा. आणि ज्यांचे नातेवाईक चिनी पंचांग पाळणाऱ्या देशांत आहेत त्यांनी तर १ जानेवारीचा हट्ट सोडावाच. तिकडचं नवीन वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं, घरच्यांची मोठी रजा तेव्हा असते आणि गर्दीही तेव्हाच.

थंडीचं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते. उत्तरेकडच्या देशांत डिसेंबरअखेर दिवस फार लहान असतो. लंडनमध्येच सूर्य जेमतेम आठ तास वर असतो, आणखी उत्तरेला त्याहून कमी. पदपथावर बर्फाचा पातळ थर साचला तर पंचाहत्तरीच्या बाईसाठी तो घसरून हाड मोडण्याचा धोका आहे. म्हणजे दोन आठवडे आई घरातच राहणार, आणि तिला एकटं नको म्हणून तुम्हीही.

मग करायचं काय? मला एक रचना सुचते. ती वहिनी आणि आई दोघींना मान्य असेल तरच करा.

तुम्ही आईला घेऊन जा, जमलं तर भाडी उतरल्यानंतर. तुमच्या रजेतले सात-आठ दिवस तिथे राहा. नवरा आणि मुलं यायची असतील तर येऊ द्या, पण 'सगळे आलेच पाहिजेत' म्हणून नको. आई मात्र तुमच्याबरोबर परत न येता महिनाभर बहिणीपाशी राहू दे. आणि तिला परत आणायला तुमची धाकटी बहीण जाऊ दे. 'ही शेवटची भेट असेल' असं जिला इतकं तीव्रतेने वाटतं, तिलाही मावशीला भेटायची आस असणारच. हे तिला टोमणा म्हणून सांगू नका. तिच्या रागाच्या खाली बहुधा हेच दुःख आहे की आपल्याला जाता येत नाही आणि जिला येतं ती कां-कू करते आहे. तिला म्हणा, "आपण दोघी मिळून हे करू. मी पोचवते, तू आण." आईच्या तिकिटाचा खर्चही मग दोघींत वाटता येईल.

वहिनीला इथे मात्र अगदी सरळ विचारायला हवं. दोन म्हाताऱ्या बहिणी एकमेकींना सोबत झाल्या की घरातल्या तरुणांचं ओझं हलकं होतं, असंही होतं, आणि आधीच एका वृद्धाचं करणाऱ्या सुनेवर दुसऱ्याचं पडलं, असंही होतं. यातलं कोणतं खरं ते तीच सांगू शकेल. तिच्या उत्तराआधी तिकीट नको आणि आईला आशा लावणंही नको.

आईला जास्त दिवस ठेवायचं असेल तर कागद आधी तपासा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने उरलेली असावी अशी अनेक देशांची अट असते. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकच व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटात) पाहुणा म्हणून कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. तिथला व्हिसा लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, आणि वर्षअखेरीच्या गर्दीत भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. सोबत किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही लागतो. अमेरिकेत व्हिसाची मुदत वेगळी आणि राहण्याची परवानगी वेगळी. किती दिवस राहायचं ते उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, ती तारीख लगेच बघून लिहून ठेवायची. एक पालक एकटाच मुलांना घेऊन जाणार असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र जवळ ठेवावं, काही देशांत ते विचारतात.

विमा काढताना 'आधीपासूनचे आजार' या कलमाखाली काय लिहिलं आहे ते शब्द न् शब्द वाचा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार लपवून काढलेला स्वस्त विमा ऐन वेळी कामाला येत नाही, आणि परदेशातल्या रुग्णालयाचा खर्च हाच अशा भेटीतला सर्वांत मोठा आर्थिक धोका असतो. तिकिटाच्या पाच-दहा टक्क्यांसाठी चार संकेतस्थळं धुंडाळणारे लोक या कागदावर डोळे मिटून सही करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रवासाआधी आईला डॉक्टरांकडे न्या. विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेसारखी विरळ असते. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्यांना ती जाणवते. चार तासांहून लांबच्या प्रवासात एका जागी बसून राहिल्याने पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात तो साधारण दुप्पट होतो असं दिसलं. निरोगी माणसात तो मुळात कमीच, सुमारे ६,००० जणांत एकाला, पण आईच्या वयाचा आणि आजारांचा विचार करून डॉक्टरांना विचारलेलं बरं. कडेची जागा घ्या, तासा-दोन तासांनी तिला उठवून चालवा. औषधं चिठ्ठीसकट, मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर बदललेल्या घड्याळाप्रमाणे कधी किती घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्याकडे साधी वाटणारी औषधंही काही देशांत चालत नाहीत. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारं स्यूडोइफेड्रिन ठरावीक प्रमाणाहून जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही, आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामक औषधावर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. व्हीलचेअर विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवा. "मी चालते की" असं आई म्हणेल. विमानतळावरचं अंतर आणि उभं राहायच्या रांगा तिला माहीत नाहीत, तेव्हा या एका बाबतीत तिचं ऐकू नका.

झोपेचं गणित सहलीच्या लांबीत आधीच धरा. शरीराचं घड्याळ रोज साधारण एक-दीड तासाने सरकतं, पश्चिमेला जाताना थोडं सोपं, पूर्वेला जाताना अवघड. सात-आठ तासांचा फरक असेल तर पहिले चार-पाच दिवस घरातलं कुणी ना कुणी पहाटे तीनला टक्क जागं असणार, आणि ते बहुधा तुमची पाच वर्षांची मुलगी असेल. त्या दिवसांत कुणाकडे जेवायला जायचं, कुठे फिरायला जायचं, काही ठरवू नका. दिवसाच्या उजेडात सगळ्यांना थोडं बाहेर न्या, उजेडानेच ते घड्याळ लवकर सरकतं. परत आल्यावरही एक-दोन दिवस रिकामे ठेवा. रविवारी रात्री उतरून सोमवारी ऑफिस आणि शाळा, हा बेत करू नका.

मुलाचं म्हणणं मला पटतं. तो खरोखर तिथे कुणालाच ओळखत नाही. नऊ वर्षांपूर्वी तो चार वर्षांचा होता. "अरे, तुझे भाऊ आहेत" असं सांगून तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात जवळीक येत नाही. त्याला यायचं असेल तर जाण्याआधी त्याची आणि तिकडच्या मुलांची ओळख मोठ्यांना वगळून होऊ द्या. एखादा ऑनलाइन खेळ, एखादी मालिका, काहीही. बोलायला भाषा कमी पडली तरी खेळायला पुरते. तिथे गेल्यावर त्याला पाहुण्यांसमोर बोलतं करू नका, मिठ्या मारायला लावू नका, आणि एक दिवस पूर्ण त्याच्या आवडीचा ठेवा. यायचं नसेल तर त्याला आणि बाबाला घरी राहू द्या. बापलेकांना सलग आठवडाभर एकमेकांची सोबत मिळणं हीही चांगली सुट्टी आहे. तुमच्या नवऱ्याचं वाक्य मला तक्रारीचं वाटलंच नाही. "जाऊ या, पण याला सुट्टी म्हणू नकोस" म्हणजे भेटीला तो तयार आहे, त्याला फक्त हे हवं आहे की विश्रांतीची गरज त्यातच भागली असं कुणी धरू नये. बरोबर आहे त्याचं. शिल्लक पूर्ण संपवू नका. पाचाऐवजी दोन-तीन तिकिटं काढलीत तर वर्षभरात कधीतरी चार दिवस चौघांनी कुठेतरी जाण्याइतकं उरेल.

एक गोष्ट शेवटी ठेवली, कारण तुम्हीही ती शेवटी ठेवलीत. "तुम्ही अजून त्याच घरात?" थंडी, गर्दी, खर्च ही कारणं खरी आहेत, पण तुमचे पाय मागे ओढतं आहे ते हे वाक्य, असं मला वाटतं. परदेशात स्थिरावलेल्या घरात पाहुणे म्हणून गेलं की मोठी स्वयंपाकघरं, मुलांच्या शाळा, गाड्या, सगळं न बोलताही शेजारी शेजारी ठेवलं जातं. त्यात कुणी बोललं, की वर्षानुवर्षं सलतं. मावसभाऊ ते हिणवायला बोलला की सहज, हे आता कळायचं नाही. पण या वेळीही तो काहीतरी बोलेल असं धरून तुमचं उत्तर तयार ठेवा, छोटं आणि खरं. "हो, त्याच घरात. आईला तिथे बरं वाटतं." पुढे खुलासा नको, हसून विषय बदलणं नको. आणि जमलं तर एखाद्या निवांत वेळी त्याला एकट्याला सांगा, "मागच्या वेळचं तुझं ते बोलणं मला लागलं होतं." तो खजील होईल, किंवा त्याला आठवणारही नाही, किंवा तो त्याच्या बाजूचं काही सांगेल. त्याचीही बाजू असू शकते. आपल्या आईला तिच्या माणसांपासून इतकं लांब ठेवल्याबद्दल अशा मुलांना जे वाटतं, ते कधीकधी अशाच तिरक्या बोलण्यातून बाहेर पडतं.

एवढं सगळं करूनही तुमचं मन 'या वर्षी नाही' असंच म्हणत असेल, तर तेही चालेल, पण मग ते लवकर सांगा. मावसभावाने रजा टाकण्याआधी, वहिनीने खोल्या लावण्याआधी. फोन करून सांगा, मेसेज नको. "बघू, जमलं तर" असं म्हणून डिसेंबरपर्यंत ताणू नका. मावशी त्या 'जमलं तर'वर दिवस मोजत बसेल. आणि नकारासोबत दुसरा महिना सुचवा, एखाद्या आठवड्याच्या तारखांसकट, आणि आईचा पासपोर्ट त्याच आठवड्यात बाहेर काढून त्याची मुदत बघा.